दहा टक्के ओझे

प्रवासाचे दोन प्रकार आपणा डॉक्टर मंडळींच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पहिला परिषदेचा. त्यात विमानतळापासून सभागृहापर्यंत आपली पेटी कोणीतरी वाहून नेते आणि आपण फक्त व्याख्यानाची चिंता वाहतो. दुसरा सहल कंपनीबरोबरचा. त्यात पहाटे खोलीबाहेर ठेवलेली बॅग रात्री पुढच्या गावी आपल्याआधी पोहोचलेली असते. तिच्यात नेमके काय भरले आहे याचा विचार करण्याचे कारणच पडत नाही. तिसरा प्रकार आपल्या माळव्यात, नर्मदेच्या काठी, कित्येक पिढ्या डोळ्यांसमोरून चालत गेला आहे. पण तो आपण बहुधा काठावर उभे राहूनच पाहिला. परिक्रमावासीयाच्या खांद्यावर जे असते तेवढाच त्याचा संसार. आपण त्याला शिधा द्यावा, नमस्कार करावा आणि मोटारीत बसून इंदूरला परतावे, असाच रिवाज.

पाठीवर सॅक घेऊन परदेशात पायी हिंडणे हे याच तिसऱ्या प्रकाराचे भावंड. हा उद्योग पंचविशीतल्या मुलांचा, असे सर्वसाधारण मत. पन्नाशी ओलांडलेल्या, व्यवसायात आणि व्याधींत मुरलेल्या जोडप्याने तो करावयाचा झाल्यास तयारी निराळ्या पद्धतीने करावी लागते. मी बालरोगतज्ज्ञ, माझे पती भूलतज्ज्ञ. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघांनी असा प्रवास केला. प्रवासवर्णने पुष्कळ लिहिली जातात. तयारीविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः तयारीचा आहे.

वाटेची निवड

आम्ही निवडलेली वाट स्पेनमधील होती. संत जेम्स यांची, म्हणजे स्पॅनिश भाषेतील सांतियागोंची, समाधी जेथे आहे असे श्रद्धाळू मानतात, त्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी युरोपच्या निरनिराळ्या भागांतून पायी जाण्याची परंपरा मध्ययुगापासून चालत आली आहे. या वाटांना ‘कामिनो’ म्हणजे ‘मार्ग’ असे म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाट फ्रान्सच्या सीमेजवळून निघते व सुमारे ७८० कि.मी. लांबीची आहे. स्पेनमधील या वाटेचा १९९३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. २०२४ या एका वर्षात जवळजवळ पाच लाख लोकांनी सांतियागोच्या यात्री कार्यालयातून यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र घेतले. त्यासाठी किमान १०० कि.मी. अंतर पायी चालावे लागते.

तीन आठवड्यांहून अधिक काळ दवाखाना बंद ठेवणे आम्हाला शक्य नव्हते. म्हणून आम्ही लेओन या शहरापासून चालावयाचे ठरवले. तेथून सांतियागो सुमारे ३१० कि.मी. आहे. चालण्याचे सोळा दिवस, विश्रांतीचे दोन आणि येण्याजाण्याचे तीन, असा हिशेब जमला.

प्रौढ जोडप्यासाठी ही वाट सोयीची आहे. बहुतेक ठिकाणी पाच-दहा किलोमीटरवर गाव लागते. गावात पाण्याचा नळ, बरेचदा हिरव्या क्रुसाच्या पाटीचे औषधाचे दुकान आणि ‘आल्बेर्गे’ नावाची यात्री निवासाची जागा असते. वाट चुकण्याचा संभव कमी, कारण जागोजागी पिवळे बाण रंगवलेले आहेत. ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात हातात रंगाचा डबा घेऊन हे काम सुरू केले. गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. आल्बेर्गेमध्ये एकावर एक पलंग असतात, एका खोलीत दहा-वीस अनोळखी माणसे झोपतात, रात्री दहाच्या सुमारास दिवे मालवले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जागा सोडावी लागते.

व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांपेक्षा उशिरा करून चालत नाही. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. येथे आपल्या वयाच्या मंडळींनी एक गोष्ट जरूर पाहावी. विम्याच्या पत्रकात जुन्या व्याधींविषयी काय लिहिले आहे? मधुमेह किंवा रक्तदाब असल्याचे अर्जात नमूद न करता घेतलेला स्वस्त विमा व्हिसा मिळवून देईल, उपचार मिळवून देईलच असे नाही. आता जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पारपत्रावरील शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र यांची नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे.

किलोग्रॅममागे किती?

बालरोगतज्ज्ञाला जगातील सर्व गोष्टी किलोग्रॅममागे मोजण्याची सवय असते. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मि.ग्रॅ., मग सलाइन किलोमागे किती मि.लि. वगैरे. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणातही हाच न्याय आहे: दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. हे प्रमाण मी पालकांना इतक्या वेळा सांगितले आहे की झोपेतही सांगू शकेन. कामिनोवरील अनुभवी लोक सॅकसाठी जे प्रमाण सांगतात तेही नेमके दहा टक्क्यांचेच. हा काही भौतिकशास्त्राचा सिद्धांत नव्हे, ढोबळ आडाखा आहे. पण आडाख्याचा उपयोग असा की तो आपल्याला ‘असू दे, लागले तर’ या चार शब्दांपासून वाचवतो.

माझे वजन ५६ किलो, पतींचे ७२. म्हणजे माझी मर्यादा ५.६ किलो, त्यांची ७.२. घरचा स्वयंपाकाचा काटा अपुरा पडू लागल्यावर आम्ही दवाखान्यातील तान्ह्या बाळांचा वजनकाटा वापरावयास घेतला. तो पाच ग्रॅमपर्यंत अचूक दाखवतो. संध्याकाळचे रुग्ण संपले की त्यावर एकेक वस्तू ठेवून आम्ही वहीत आकडे मांडत असू. ज्या काट्यावर वीस-तीस ग्रॅमची वाढ पाहून दिवसभर आयांचे चेहरे उजळतात, त्याच काट्यावर रात्री वीस-तीस ग्रॅमची घट पाहून आम्हा दोघांना आनंद होई.

माझ्या सॅकचा अंतिम हिशेब असा: रिकामी सॅक १,१५० ग्रॅम, हलकी स्लीपिंग बॅग ६५०, कपडे १,४५०, पावसाळी जाकीट ३००, संध्याकाळी घालावयाच्या सपाता ३५०, साबण, टॉवेल, दंतमंजन इत्यादी ३००, फोन, चार्जर व पॉवर बँक ४००, कागदपत्रे व छोटी वही २००, औषधे ५५०. एकूण ५,३५० ग्रॅम. त्यात अर्धा लिटर पाणी घातले की मर्यादा जराशी ओलांडली जाते, पण पाणी पिऊन कमी होते. वाटेत नळ वारंवार लागत असल्याने दोन-दोन लिटर पाणी वाहण्याचे कारण नाही. पतींची सॅक ६.६ किलोवर थांबली.

कपड्यांचे गणित सोपे आहे. एक जोड अंगावर, एक सॅकमध्ये, आणि मोज्यांचा मात्र एक जोड जास्त. पंधरा दिवसांना पंधरा जोड लागत नाहीत. रोज दुपारी मुक्कामी पोहोचून कपडे धुण्याची तयारी लागते. आपल्याकडे सुती कपड्यांचा फार अभिमान, परंतु सुती सदरा घामाने भिजला की लवकर वाळत नाही आणि डोंगरावरच्या गार वाऱ्यात अंगाला चिकटून थंडी भरवतो. म्हणून बारीक लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे घ्यावेत. लेओनच्या पठारावर दुपारी ऊन लागते, ओ सेब्रेइरोच्या घाटात पहाटे हात गारठतात आणि पुढे गॅलिसियात केव्हाही पाऊस येतो. तीन ऋतूंची सोय अंगावर एकावर एक घालता येतील अशा पातळ थरांनी करावी, जाड स्वेटरने नव्हे.

चालण्याच्या काठ्या विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. त्या सामानात द्याव्यात किंवा तेथे विकत घ्याव्यात. पॉवर बँकेचे नेमके उलटे: ती केबिनमध्येच न्यावी लागते. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. त्यामुळे सासूबाईंचे साजूक तुपातले लाडू घरच्यांच्या वाट्याला आले आणि आमच्याबरोबर शेंगदाण्याची चिक्की गेली.

औषधांचा डबा

दोन डॉक्टरांनी औषधांचा डबा भरावयास घेतला की त्याचे छोटे रुग्णालय होते. भूलतज्ज्ञाला प्रत्येक गोष्टीचा पर्याय आणि पर्यायाचाही पर्याय हवा असतो. तो त्यांच्या व्यवसायाचा धर्मच आहे. पतींची पहिली यादी १,४०० ग्रॅमची झाली होती. आम्ही प्रत्येक औषधाला एकच प्रश्न विचारला: हे वाटेतल्या औषधाच्या दुकानात मिळेल का? मिळणार असेल तर दोन दिवसांपुरते घ्यायचे. मिळणार नसेल, किंवा मिळेपर्यंत थांबता येणार नसेल, तर पुरेसे घ्यायचे.

याच प्रश्नाने आणखी काही गोष्टी उघड झाल्या. आपल्या ओळखीची ब्रँडची नावे तेथे निरुपयोगी असतात. म्हणून चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे हवीत, गोळ्या मूळ पाकिटात हव्यात आणि इंग्रजीतील सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या डॉक्टरांचे हवे. नवऱ्याला बायकोने दिलेली चिठ्ठी सीमेवर किती मान्य होईल, याचा प्रयोग करण्याची आमची इच्छा नव्हती. ट्रॅमाडॉल २०१८ पासून आपल्याकडे अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येते; ते वगळले. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ साली बंदी आली, पण स्पेनने त्याचा वापर यकृतावरील दुष्परिणामांमुळे २००२ सालीच थांबवला होता, तेही वगळले. प्रतिजैविकाचा एकच कोर्स ठेवला.

आणखी एक गोष्ट आपल्या पेशाला धरून. आपल्या पदवीने मिळालेले ज्ञान सीमेपलीकडे आपल्याबरोबर येते, व्यवसायाचा परवाना येत नाही. सहप्रवाशाला प्रथमोपचार करणे, ११२ क्रमांकावर मदत बोलावणे हे माणुसकीचे तसेच कायद्याचेही कर्तव्य आहे. स्पेनच्या दंडसंहितेत संकटातील माणसाला मदत न करणे हा गुन्हा मानला जातो. परंतु शेजारच्या पलंगावरील जर्मन गृहस्थाला आपल्या डब्यातील गोळ्या वाटत बसणे हे वेगळे. तो मोह डॉक्टरांनीच अधिक आवरला पाहिजे.

लसीकरणाचे पत्रक मी दररोज चाळीस मुलांचे तपासते. या निमित्ताने घरच्या मोठ्या माणसाचे तपासले. पतींना धनुर्वाताची शेवटची लस केव्हा घेतली ते आठवेना. ती, फ्लूची आणि मधुमेही म्हणून न्यूमोकॉकसची, अशा तीन लसी त्यांनी माझ्याच दवाखान्यात मुलांच्या रांगेत बसून घेतल्या.

पायांविषयी थोडेसे. फोड हा घर्षण, ओलावा आणि उष्णता यांचा संयुक्त उपद्रव. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या ते एका मापाने मोठे घ्यावेत, कारण दिवसभर चालल्यावर पाय सुजतात. प्रवासाआधी ते निदान शंभर किलोमीटर चालवलेले असावेत. दर दोन तासांनी बूट काढून पाय वाळवावेत आणि मोजे बदलावेत. जेथे चुरचुर जाणवेल तेथे त्याच क्षणी चिकटपट्टी लावावी, फोड येण्याची वाट पाहू नये. आल्बेर्गेमध्ये कधीकधी ढेकणांचा त्रास असतो. खरजेवर आपण जे परमेथ्रिन देतो, त्याचाच कपड्यांसाठीचा सौम्य फवारा स्लीपिंग बॅगवर निघण्याआधी मारून वाळवावा.

सराव

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही आठवड्यातून चार दिवस चाललो. सुरुवात पिपल्यापाला तलावाभोवती, मग रविवारी रालामंडळची टेकडी. सॅकमध्ये तांदळाच्या किलो-किलोच्या पिशव्या भरून पहिल्या महिन्यात तीन किलो, दुसऱ्या महिन्यात पाच, असे ओझे वाढवत नेले. शेवटच्या महिन्यात लागोपाठ दोन दिवस वीस-वीस किलोमीटर चालून पाहिले. कारण एक दिवस वीस किलोमीटर पुष्कळांना जमते, खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना होते. माझ्या गुडघ्याच्या वाटीमागे उतरणीवर दुखत असे. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि दोन काठ्या यांनी ते आटोक्यात आले.

पतींना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेत. रोज पाच-सहा तास चालणाऱ्या माणसाला ग्लिमेपिराइडने साखर उतरण्याचा धोका असतो हे आपण सर्व जाणतो. पण घरच्या रुग्णाची मात्रा आपणच ठरवू नये. त्यांनी आपल्या वर्गमित्र फिजिशियनकडे रीतसर रुग्ण म्हणून जाऊन हृदयाची ताण चाचणी करून घेतली आणि सरावाच्या चार महिन्यांतच मात्रा कमी करत आणली. त्यामुळे नवीन मात्रेची पारख इंदुरातच झाली, परक्या डोंगरात नाही.

दोघांचे करार

एकट्याने प्रवासाला निघताना सॅक भरावी लागते. जोडप्याने निघताना काही बोलणी करावी लागतात, आणि ती सॅकपेक्षा अवघड असतात.

पहिले बोलणे चालीविषयी. पतींचा वेग तासाला पाच किलोमीटर, माझा चार. बरोबर चालण्याचा हट्ट धरला तर एकाला धाप लागते आणि दुसऱ्याला कंटाळा येतो. आम्ही ठरवले की ज्याने त्याने आपल्या गतीने चालावे आणि प्रत्येक गावातल्या पहिल्या पाण्याच्या नळाशी थांबावे. त्यावरून दुसरी गोष्ट ओघानेच आली: दोघांच्या वस्तू दोघांकडे. पारपत्र, थोडे पैसे, विम्याचा कागद, आणि साखर. ग्लुकोजच्या गोळ्या त्यांच्या कमरेच्या पाकिटात आणि माझ्याही. सॅकच्या तळाशी असलेले औषध गरजेच्या क्षणी नसल्यासारखेच.

दुसरे बोलणे थांबण्याविषयी. पती म्हणाले, “माझा पाय मुरगळला तर तू पुढे जा, मी सांतियागोला बसने येईन.” हे ऐकायला उदार वाटते, पण त्यात मला न विचारता घेतलेला निर्णय होता. दोन संध्याकाळी यावर वाद झाला. अखेरीस ठरले ते असे: कोणीही थांबले तर दोघांनी दोन दिवस थांबायचे. तरी चालता येत नसेल तर दोघांनी वाहनाने सार्रियापर्यंत जायचे, तेथून उरलेले सुमारे ११५ कि.मी. जमतील तसे चालायचे. तेही न जमल्यास परत फिरायचे. किलोमीटर पुरे करणे हा हेतू नाही, हे एकदा कागदावर लिहिल्यावर दोघांच्याही मनावरचा भार उतरला.

तिसरे बोलणे सर्वांत जड होते, आणि ते काढले पतींनी. तीस वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेल्या माणसाने पाहिलेले असते की रुग्ण बोलू शकत नाही तेव्हा नातेवाइकांवर कोणते प्रश्न येऊन कोसळतात. सन्मानाने मृत्यू येण्याचा अधिकार मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपण डॉक्टर मंडळी इतरांना याचे महत्त्व सांगतो. आमच्याही मनात ते कित्येक दिवस होते. प्रवासाने त्याला तारीख दिली. निघण्याच्या तीन आठवडे आधी दोघांनी ती कागदपत्रे पुरी केली आणि प्रत मुलाला पाठवली.

त्याचा बंगळुरूहून फोन आला. “आई, तुम्ही फिरायला निघाला आहात ना?”

“हो,” मी म्हटले. “म्हणूनच.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “बाबांनी व्हेंटिलेटरविषयी जे लिहिले आहे, ते मला नीट समजावून सांगाल?” पुढचा पाऊण तास बापलेक फोनवर बोलत होते. इतके गंभीर बोलणे त्या दोघांत पूर्वी कधी झाल्याचे मला आठवत नाही. अशा कागदाचा परदेशात कायदेशीर अंमल होईलच असे नाही, तेथे तेथला कायदा चालतो. पण मुलाला आपल्या इच्छेचा अंदाज करावा लागू नये, एवढे तरी आपल्या हाती असते.

मागे राहणारे

दवाखाना तीन आठवडे बंद ठेवणे म्हणजे फक्त पाटी लावणे नव्हे. मोठ्यांचा आजार कधीकधी वाट पाहतो; तान्ह्या बाळाचा ताप पाहत नाही. आपल्या सोसायटीतील दोन सहकाऱ्यांनी माझे रुग्ण पाहण्याचे मान्य केले. त्यांच्यासाठी मी तीन वह्या केल्या. एकीत त्या काळात जन्मणार असलेली व नुकतीच जन्मलेली बाळे; दुसरीत अपस्मार, दमा, नेफ्रॉटिक सिंड्रोम अशा दीर्घ आजारांची मुले, त्यांची औषधे व वजने; तिसरीत लसींच्या तारखा. एका अपस्माराच्या मुलीची आई विचारू लागली, “मॅडम, तुमचा फोन तर चालू असेल ना?” मी तिला त्या सहकाऱ्यांकडे प्रत्यक्ष घेऊन गेले, मुलीची ओळख करून दिली. फोनवरून पाहिलेले मूल म्हणजे पाहिलेले मूल नव्हे. लांबून अर्धवट उपस्थित राहणारा डॉक्टर रुग्णाला आणि बदली डॉक्टरला दोघांनाही अडचणीत टाकतो. आम्ही दिवसातून एकदा, संध्याकाळी, फक्त घरी फोन करण्याचे ठरवले.

घरी सासूबाई होत्या, वय ८४. नणंद त्यांच्याजवळ राहावयास आली. या वाटेवर सुमारे १,५०० मीटर उंचीवर क्रूझ दे फेर्रो नावाचा उंच खांबावरचा लोखंडी क्रूस आहे. यात्रेकरू घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवतात. हे ऐकून सासूबाईंनी देवघराच्या कोनाड्यातून नर्मदेतला एक लहानसा गोटा काढून दिला. फार वर्षांपूर्वी त्यांनी तो ओंकारेश्वरहून आणला होता. नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर मानणाऱ्या घरातला दगड परक्या धर्माच्या क्रुसाखाली ठेवावा की नाही, अशी शंका मी काढली. त्या म्हणाल्या, “नदीतून आणताना मी कुठे नदीला विचारलं होतं? दोघांचा मिळून एक पुरे. ओझं नको.” काट्यावर तो ४० ग्रॅम भरला. पतींनी त्यासाठी आपला सुटा दाढीचा आरसा काढून ठेवला.

वाटेवर आलेला पडताळा

एवढ्या तयारीने प्रवास निर्विघ्न झाला असे मी लिहिणार नाही. क्रूझ दे फेर्रोनंतर मोलिनासेकापर्यंतची उतरण लांबलचक आणि दगडधोंड्यांची आहे. तेथे एल आसेबो गावाच्या अलीकडे पतींच्या बोलण्यात थोडा तुटकपणा आला व कपाळावर घाम दिसला. तपासल्यावर साखर ६४. कमरेच्या पाकिटातून पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटे थांबणे, पुन्हा तपासणी: ९१. मग चिक्की आणि अर्धा तास विश्रांती. दवाखान्यात आपण हे रोज पाहतो; डोंगरउतारावर एका दगडावर बसून पाहताना ती पंधरा मिनिटे फार मोठी वाटली. तो गाव नळाशी भेटण्याचा होता, पण त्या घाटात मी त्यांच्या मागे दहाच पावलांवर चालत होते; उतरणीला बरोबर राहायचे, हे आम्ही रालामंडळावरच ठरवले होते. त्या रात्री आम्ही आल्बेर्गेमध्ये बसून फिजिशियन मित्रांना निरोप पाठवला आणि त्यांच्या सल्ल्याने उरलेल्या दिवसांसाठी ग्लिमेपिराइड बंद केले.

सॅकमधील काय वापरले गेले नाही, याचीही नोंद ठेवली. प्रतिजैविक, ओआरएसची दोन पाकिटे आणि माझी उन्हाची टोपी. बाकी सर्व वस्तू रोज हाताळल्या गेल्या. सोळाव्या दिवशी दुपारी पावसात आम्ही सांतियागोच्या चौकात पोहोचलो, तेव्हा दोघांचे मिळून वजन सहा किलोंनी उतरले होते, म्हणजे दहा टक्क्यांच्या हिशेबाने सॅकची मर्यादाही आता थोडी खाली आली होती.

परतल्यावर सहकाऱ्यांनी तीनही वह्या नीट भरून परत केल्या. अपस्माराच्या मुलीला मधल्या काळात एकदा झटका आला होता. तिच्या पानावर वेळ, दिलेले औषध, मात्रा आणि वजन सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. खाली एक ओळ होती: आईला धीर दिला, मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली.

या दोन सहकाऱ्यांपैकी एक दांपत्य येत्या वसंतात याच वाटेने जाणार आहे. त्यांच्या सॅकची यादी सध्या माझ्या टेबलावर आहे आणि ती अजून दीड किलोने जास्त आहे. ते तीन आठवडे त्यांचे रुग्ण मी पाहणार आहे. त्यांच्या वह्या मात्र त्यांनी आताच आणून दिल्या आहेत.